गाडीचा फॅन बेल्ट घरी बदलायचा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या एका कडेला पुल्यांवरून फिरणारा काळा रबरी पट्टा दिसतो. हे प्रश्न त्याच्याबद्दलचे आहेत. उत्तरं देताना आपल्याकडच्या रोजच्या छोट्या गाड्या, म्हणजे पुढे आडवं इंजिन असलेल्या हॅचबॅक आणि सेडान, डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. जो आकडा गाडीगणिक बदलतो, तिथे तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच धरायचं.

हा बेल्ट नेमकं करतो काय?

इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे मुख्य दांडा, फिरतो, त्याच्या टोकाला पुली असते आणि ती या बेल्टमार्फत बाकीची यंत्रं फिरवते. अल्टरनेटर (वीज तयार करून बॅटरी भरणारं यंत्र) आणि एसीचा कॉम्प्रेसर ही नेहमीची. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप, आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंपही यावरच चालतो. काही गाड्यांत एकच लांब बेल्ट सगळ्यांना वळसे घालत फिरतो, तर काहींत दोन असतात: एक अल्टरनेटरचा, दुसरा एसीचा. दोन असतील तेव्हा आतला बदलण्यासाठी बाहेरचा आधी काढावाच लागतो. तेव्हा दोन्हींचं वय सारखं असेल तर दोन्ही एकदमच बदला.

दुकानात ‘फॅन बेल्ट’ म्हणून मागितलात तरी हाच मिळेल.

टायमिंग बेल्ट म्हणजे हाच का?

नाही, आणि इथे गल्लत परवडणारी नाही. टायमिंग बेल्टला आडवे दाते असतात, तो कव्हरच्या आत असतो आणि क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ राखतो. तो एक दाता जरी चुकीचा बसला तरी इंजिनाचं मोठं नुकसान होऊ शकतं. आपण बोलतोय तो बाहेर दिसणारा, लांबीच्या दिशेने उभ्या रेघा असलेला बेल्ट. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांत टायमिंगला बेल्ट नसून साखळी आहे. जुन्या मारुती ८०० मध्ये मात्र टायमिंग बेल्ट होता. तुमच्या गाडीत टायमिंग बेल्ट असेल तर बाहेरचा बेल्ट चिंध्या होईपर्यंत वापरू नका. सुटलेले दोरे कव्हरच्या फटीतून आत ओढले गेले, तर तीनशे-चारशे रुपयांची कंजुषी इंजिनाच्या हेडपर्यंत जाते.

किती किलोमीटरला बदलायचा?

ढोबळमानाने ६०,००० ते १,००,००० किलोमीटर. पण किलोमीटर हा एकच निकष नाही. महिन्यातून दोनदा गावी जाणारी आणि एरवी उन्हात उभी असलेली गाडी कमी चालते, तरी तिचं रबर म्हातारं होतच असतं. इंजिनातून ऑइल किंवा कूलंट गळून बेल्टवर पडत असेल तर तो २०,००० किलोमीटरमध्येही जाऊ शकतो. प्रत्येक सर्व्हिसला बेल्ट बघून घेणं हे अमुक किलोमीटरला बदलण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

बेल्टला एकही भेग नाही. म्हणजे तो ठीक आहे ना?

असं धरून चालू नका. पूर्वीचे बेल्ट निओप्रीन रबराचे असायचे आणि म्हातारे झाले की आडवे तडकायचे. त्या काळातला नियम असा, की तीन इंच लांबीत तीन किंवा जास्त भेगा दिसल्या की बेल्ट बदलायचा. आताचे बेल्ट बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. ते सहजासहजी तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. रेघांमधल्या खाचा रुंद होत जातात, बेल्ट पुलीत खोल बसतो आणि घसरू लागतो. वरून बघाल तर नव्यासारखा काळाभोर.

म्हणून बेल्ट हलकेच वळवून आतली बाजू टॉर्चने बघा. खाचांच्या तळाशी चकाकी आहे का, रेघांचे माथे टोकदार झालेत का, कडेचे दोरे सुटलेत का, एखादा तुकडा उडालाय का, हे तपासा. यातलं काहीही दिसलं तर बेल्ट बदला. शक्य असेल तर त्याच नंबरचा नवा बेल्ट शेजारी धरून बघा, फरक लगेच कळतो.

सकाळी गाडी चालू केली की चीं-चीं आवाज येतो, विशेषतः पावसाळ्यात. बेल्टच गेला समजायचं का?

बेल्ट असू शकतो, पण आवाज करणारा आणि दोषी हे दोघे वेगळे असू शकतात. सुरुवात केल्यावर अल्टरनेटर बॅटरी भरून काढत असतो, त्याच्यावर भार जास्त असतो, त्यात बेल्टवर ओल आलेली. अशा वेळी थोडा सैल बेल्टही किंचाळतो आणि मिनिटभरात गप्प होतो.

एक साधी चाचणी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. फुलझाडांवर पाणी मारायच्या स्प्रेने दुरूनच बेल्टच्या रेघांच्या बाजूवर थोडं साधं पाणी फवारा. आवाज लगेच वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा बेल्ट झिजलाय. आवाज काही सेकंद बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत. मग नवा बेल्ट टाकूनही आठवड्याभरात तोच आवाज परत येणार. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि आवाज घरघरीसारखा असेल तर बेल्ट सोडा, बेअरिंगकडे बघा.

ही चाचणी करताना लोंबणारी ओढणी, उपरणं, सैल बाही, हातातलं कडं असं काहीही नको. हात बेल्टपासून लांब.

बेल्टवर मारायचा स्प्रे मिळतो, तो चालेल?

रेघांच्या बेल्टला नको. तो चिकट थर धूळ धरतो, आवाज चार दिवस लपतो आणि पुल्यांच्या खाचा भरतात. पावडर, मेण, साबण हे सगळे उपायही त्याच जातीचे.

दुकानदार ‘४पीके की ६पीके’ विचारतो. याचा अर्थ काय?

बेल्टच्या पाठीवर छापलेला नंबर वाचा. समजा ४पीके८५५ आहे. यातले ४ म्हणजे रेघा चार, पीके हा रेघांचा प्रकार, ज्यात दोन रेघांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं, आणि ८५५ म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. त्यामुळे ४पीके साधारण १४ मिलिमीटर रुंद भरतो आणि ६पीके २१ मिलिमीटर.

रेघांची संख्या आणि लांबी दोन्ही जुळायलाच हव्यात. ‘पाच-दहा मिलिमीटरने काय होतं’ असं काउंटरवर हमखास ऐकायला मिळतं. हाताने ताणायच्या गाडीत ते कदाचित खपेल, पण ताण आपोआप ठेवणाऱ्या किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) नसलेल्या गाडीत नाही. एकाच मॉडेलच्या एसी आणि बिनएसी गाडीचे बेल्ट वेगळे असू शकतात, म्हणून आरसी सोबत नेऊन चेसिस नंबरवरून पार्ट काढून घेणं उत्तम. जुन्या बेल्टवरचा नंबर पुसला गेला असेल तर दुसरा मार्गही नाही. गेट्स, बँडो, कॉन्टिनेंटल, डेको, मित्सुबोशी ही या धंद्यातली नेहमीची नावं, नाहीतर कंपनीचा जेन्युइन पार्ट. खोक्याशिवायचा, रबर बँडने गुंडाळलेला स्वस्त बेल्ट घेऊ नका.

घरी आणल्यावर त्याला घडी घालू नका, उलटा पिळून ठेवू नका. आतल्या दोऱ्या तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

कोणती हत्यारं लागतील?

१०, १२, १४, १७ नंबरचे रिंग पाने आणि सॉकेट, लांब दांड्याचा रॅचेट, चाकाचा पाना, जॅक आणि जॅक स्टँड, टॉर्च, प्लास्टिकच्या क्लिपा उपटायला चपटा स्क्रू ड्रायव्हर. मल्टिमीटर असला तर छानच. हातमोजे घट्ट बसणारे घ्या. अल्टरनेटरच्या आसपास जागा इतकी अरुंद असते की बोटांची सालं निघतात.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येईल का?

जमीन सपाट आणि पक्की असेल तर येईल. बऱ्याच गाड्यांत बेल्ट इंजिनाच्या उजव्या अंगाला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला असतो. वरून हात पोचत नाही. उजवं पुढचं चाक काढून आतलं प्लास्टिकचं आवरण बाजूला केलं की पुल्या समोर येतात.

पेव्हर ब्लॉक गाडीच्या वजनाने खचतात, तिथे जॅकखाली जाड फळी द्या. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा दगड लावा, हँडब्रेक ओढा. नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करा. गाडीसोबत येणारा कात्री जॅक हा स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर चाकाच्या खाचेत डोकं घालायचं नाही. स्टँड लावाच, आणि काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड नसेल तर काम त्या दिवशी नको.

जुना बेल्ट काढायचा कसा?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. ही पायरी लोक गाळतात, पण अल्टरनेटरवरच्या जाड वायरीत चावी बंद असतानाही करंट असतो, आणि पाना तिथे लागून बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. शिवाय काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू लागतो.

मग मोबाइलवर बेल्टच्या वाटेचे दोन-तीन फोटो काढा. बॉनेटखाली स्टिकर असतो, पण जुन्या गाडीत तो हमखास उडालेला किंवा धुऊन पांढरा झालेला.

ताण हाताने द्यायची पद्धत असेल तर अल्टरनेटरला खाली एक मोठा बोल्ट असतो, ज्याभोवती तो झुलतो, आणि वर एक लॉक बोल्ट. दोन्ही सैल करा, काढू नका. ताणाचा लांब स्क्रू असेल तर तो उलटा फिरवा. अल्टरनेटर इंजिनाकडे सरकला की बेल्ट उतरतो. अनेक जण खालचा बोल्ट सैल करायचं विसरतात आणि मग वरचा स्क्रू जोर लावून फिरवत त्याचे आटे खराब करतात.

ताण आपोआप ठेवणारा स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर त्यावर सॉकेट लावायला जागा दिलेली असते. लांब दांड्याने टेन्शनर हळूहळू मागे ओढा, गुळगुळीत पुलीवरून बेल्ट उतरवा, आणि टेन्शनर तसाच हळूहळू परत सोडा. झटक्यात सोडला तर स्प्रिंगही बिघडते आणि मधे आलेलं बोटही. काही टेन्शनरांना भोक असतं, त्यात अॅलन की घालून ते मागच्या मागे अडकवता येतात.

माझ्या गाडीत टेन्शनरही दिसत नाही आणि अल्टरनेटरही हलत नाही. मग?

मग तो स्ट्रेच बेल्ट आहे, स्वतःच्याच लवचिकतेवर ताण धरणारा. जुना सरळ कापून काढतात. नवा चढवायला पुलीच्या कडेला अडकणारं एक खास साधन लागतं. पुली सावकाश फिरवली की ते बेल्टला खाचेत ढकलतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवण्याच्या नादात नव्या बेल्टची कड फाटते. ते साधन मिळत नसेल तर हे एक काम गॅरेजला द्या. उतरवलेला स्ट्रेच बेल्ट परत वापरायचा नाही.

बेल्ट निघाला. नवा लगेच चढवू का?

थांबा. हीच दहा मिनिटं सगळ्यात मोलाची, आणि घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच मिळत नाहीत. बेल्ट नसताना प्रत्येक पुली हाताने मोकळी फिरवता येते.

एकेक पुली फिरवून कान द्या. आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) आणि टेन्शनरची पुली गुळगुळीत, आवाज न करता फिरली पाहिजे. खरखर ऐकू आली किंवा धक्का मारल्यावर ती बराच वेळ सुसाट फिरत राहिली, तर आतलं ग्रीस संपलंय. वॉटर पंपाची पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवून बघा. खेळ जाणवला किंवा पंपाच्या खाली कूलंटचा वाळलेला पांढरट-हिरवट डाग दिसला, तर बेल्टबरोबर पंपाचाही खर्च धरून ठेवा. अल्टरनेटरही असाच तपासा. काही गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. ती पुली एका दिशेला मोकळी फिरली आणि दुसऱ्या दिशेला अल्टरनेटरला सोबत घेऊन फिरली, तर ठीक. दोन्हीकडे मोकळी किंवा दोन्हीकडे जाम असेल तर ती पुली गेली आणि तीच बेल्टला हादरे देत होती. एसीच्या पुलीचा बाहेरचा भाग मोकळा फिरायला हवा.

आता जुना बेल्ट उजेडात नीट बघा. एकाच कडेचे दोरे सुटलेत? पुली तिरकी आहे. एका बाजूवर काच चढल्यासारखी चकाकी? घसरत होता, ताण कमी होता. रबर फुगून मऊ पडलंय? ऑइल लागलंय, गळती वरून कुठून येतेय ते शोधा. रेघांत बारीक खडे रुतलेत? खालचं प्लास्टिकचं आवरण तुटलंय किंवा मागच्या सर्व्हिसला परत लावलेलंच नाही. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे आवरण लागतंच. आणि कडा कुरतडलेल्या दिसल्या, आसपास लेंड्या असल्या, तर पार्किंगमधल्या उंदरांचा बंदोबस्त आधी.

पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ करा. ऑइल असेल तर ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, थेट बेअरिंगवर मारू नका.

नवा चढवताना काय सांभाळायचं?

रेघांची बाजू रेघांच्या पुलीवर, सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर. क्रँकच्या पुलीपासून सुरुवात करा आणि शेवटचा वळसा हाताला सोपी असेल त्या पुलीवर ठेवा. नंतर बोट फिरवून प्रत्येक पुलीवर दोन्ही कडा तपासा. घरच्या कामात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे बेल्ट एक खाच सरकून बसणं. चार रेघांचा बेल्ट तीन खाचांत आणि चौथी रेघ हवेत. इंजिन चालू केलं की ती रेघ सोलून निघते.

ताण दिल्यावर क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, ते चालताना ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला. बेल्ट सरळ चालतोय का ते पुन्हा बघा. ही तपासणी स्टार्टरने करू नका.

ताण किती ठेवायचा?

आपोआप टेन्शनर असेल तर प्रश्नच नाही. फक्त त्याच्या हातावरची खूण दिलेल्या दोन रेघांच्या मधे आहे का बघा. नसेल तर बेल्टची लांबी चुकली आहे किंवा टेन्शनर थकलाय.

हाताने ताणायचा असेल तर मॅन्युअलमध्ये कुठल्या दोन पुल्यांच्या मधे, १० किलोच्या दाबाला किती मिलिमीटर दबला पाहिजे, ते दिलेलं असतं. छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा ५ ते १० मिलिमीटरच्या आसपास असतो. नव्या आणि वापरलेल्या बेल्टचे आकडे वेगळे असतात. काही कंपन्या तर पाच मिनिटं चाललेल्या बेल्टलाही ‘वापरलेला’ धरतात, कारण तेवढ्यात तो पुल्यांत बसून थोडा सैल होतो. म्हणून शे-दोनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा बघा.

‘जरा जास्तच आवळतो, म्हणजे परत बघायला नको’ हा विचार महागात पडतो. जास्त ताणाचा मार अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर बसतो, आणि त्यांच्यापुढे बेल्टची किंमत किरकोळ आहे. अल्टरनेटरला पहारीने रेटूही नका, त्याचं आवरण अॅल्युमिनियमचं असतं.

सगळं झाल्यावर दोन्ही बोल्ट घट्ट, प्लास्टिकचं आवरण जागेवर, चाक लावून ते जमिनीवर टेकल्यावर नट आवळायचे, मग बॅटरी जोडायची. इंजिन चालू करून मल्टिमीटर लावा. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर फिरतोय. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथे आकडा थोडा इकडेतिकडे होईल.

खंडाळ्याच्या घाटात बेल्ट तुटला तर पुढे न्यावी का गाडी?

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसीची हवा कोमट होते, हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर एकदम जड होतं. इलेक्ट्रिक स्टिअरिंग लगेच जड होत नाही आणि तिथेच माणूस फसतो, त्याला वाटतं काही झालंच नाही.

तुमचा वॉटर पंप या बेल्टवर चालत असेल तर गाडी सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करा, त्रिकोण लावा आणि टोइंग बोलवा. चढावर गरम होणाऱ्या इंजिनाला पाणी फिरत नसेल तर काही मिनिटांत हेड गॅस्केटचं काम निघतं. पंप टायमिंगच्या बेल्टवर किंवा साखळीवर असेल आणि फक्त अल्टरनेटर थांबला असेल, तर दिवसा, एसी-म्युझिक सगळं बंद ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत बॅटरीवर जाता येतं. तरी छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-अवर बॅटरीवर अर्ध्या तासापलीकडे भरवसा ठेवू नये. एसीचा बेल्ट वेगळा असेल आणि तोच तुटला असेल, तर घाम पुसत घरी या. फक्त त्याचा लोंबणारा तुकडा दुसऱ्या बेल्टमध्ये अडकणार नाही एवढं आधी बघा.

तुमच्या गाडीत कोणता बेल्ट काय फिरवतो, हे घाटात बॉनेट उघडून शोधायची गोष्ट नाही. घरी एकदा बघून ठेवा.

कोणत्या गाड्यांना घरी हात लावू नये?

ज्यांत बेल्ट इंजिन सुरूही करतो त्यांना. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ डिझेलला एसएचव्हीएस ही सौम्य हायब्रिड यंत्रणा दिली, तेव्हापासून अशा गाड्या आपल्या रस्त्यावर भरपूर आहेत. त्यांत अल्टरनेटरच्या जागी आयएसजी (स्टार्टर आणि जनरेटर एकत्र) असतो, तो बॅटरी भरतो आणि थांबलेलं इंजिन बेल्टच्याच जोरावर पुन्हा फिरवतो. बेल्टवर दोन्ही दिशांनी ताण येतो, टेन्शनरही वेगळा असतो, आणि बेल्टचा प्रकार जरा जरी बदलला तरी तो घसरतो. हे काम सर्व्हिस सेंटरला करू द्या. वॉरंटीतल्या गाडीचंही तेच. ओम्नी आणि ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तिथे वर दिलेली चाक काढायची पद्धत लागू नाही.

२००९ च्या टोयोटा प्रियसमध्ये वॉटर पंपही विजेवर गेला आणि असा बेल्ट उरलाच नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हे पान इथपर्यंत उगाच वाचलं.

उतरवलेला जुना बेल्ट टाकून देऊ का?

नुसता वेळ झाला म्हणून बदलला असेल आणि दोरे शाबूत असतील, तर सैल गोल करून डिकीत ठेवा, सोबत १२ आणि १४ चा पाना. हाताने ताणायच्या गाडीत तो एखाद्या रात्री जवळच्या शहरापर्यंत पोचवतो. ऑइल लागलेला, दोरे सुटलेला किंवा स्ट्रेच प्रकारचा असेल तर ठेवून उपयोग नाही. फक्त टाकण्याआधी त्यावरचा नंबर आणि आजचं किलोमीटर रीडिंग सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहून घ्या.